पॅनेलमधले न जुळणारे दोन सेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ४१ वर्षांच्या बाई, रक्तगट ए पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ६. तीन बाळंतपणं झालेली, आठ वर्षांपूर्वी दोन पिशव्या रक्त चढलेलं. आता शस्त्रक्रियेसाठी दोन पिशव्या हव्या आहेत. प्लाझ्मात दुसऱ्याच्या तांबड्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहे का हे बघणाऱ्या तीन सेलच्या स्क्रीनिंगमध्ये पहिला सेल (अँटिजेन माहीत असलेल्या दात्याच्या तांबड्या पेशी) निगेटिव्ह, दुसरा ३+, तिसरा १+ आला (आकडा जितका मोठा तितकी रिॲक्शन जोरदार). म्हणून ती अँटिबॉडी नेमकी कोणती ते ओळखायला तुम्ही जेल कार्डवर कूम्ब्स फेजला (पेशींवर बसलेली अँटिबॉडी कूम्ब्स सीरमनं उघड करण्याच्या टप्प्यावर) ११ सेलचं पॅनेल लावलं. त्यात ३ आणि ५ नंबरचे सेल ३+, ४ आणि ९ नंबरचे १+, बाकी सगळे निगेटिव्ह, ऑटो कंट्रोलही, म्हणजे बाईंचा प्लाझ्मा त्यांच्याच पेशींशी लावलेली टेस्टही, निगेटिव्ह. मोठा ई (आरएच गटाचा एक अँटिजेन, म्हणजे पेशीवरची खूण) पॉझिटिव्ह असलेले सेल ३ आणि ५ हे दोनच, त्यामुळे अँटी-मोठा ई (पुढे नुसतं अँटी-ई) उघड दिसते. पण ४ आणि ९ वर मोठा ई नाही. वरिष्ठ म्हणाले, "ते नॉनस्पेसिफिक आहे, अँटी-ई लिहा आणि मोकळे व्हा." तुम्हाला ते पटत नाही.

पटत नाही हे योग्यच आहे, आणि तुम्ही रिपोर्ट थांबवलात हे त्याहून चांगलं केलंत. या बाईंच्या प्लाझ्मात अँटी-ई आहे, त्याबद्दल मला फारशी शंका नाही. मला काळजी वाटते ती ४ आणि ९ ची. इतकी वर्षं पॅनेल वाचल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: जी अँटिबॉडी सापडली तिच्यापेक्षा जी अजून खोडता, म्हणजे नाही असं ठरवता, आलेली नाही ती रुग्णाला जास्त घातक ठरू शकते. सापडलेलीची आपण काळजी घेतोच. न खोडलेली मात्र तशीच पिशवीबरोबर वॉर्डात जाते.

"नॉनस्पेसिफिक" या शब्दाबद्दल आधीच बोलतो. हा शब्द वापरायला माझी हरकत नाही, पण तो सगळ्यात शेवटी वापरायचा. महत्त्वाच्या सगळ्या अँटिबॉडी डबल डोस सेलवर (आई-वडील दोघांकडून तोच अँटिजेन आलेल्या सेलवर) खोडून झाल्या, दुसऱ्या पद्धतीनं टेस्ट करून झाली, नवीन नमुना तपासून झाला आणि तरीही कारण हाती लागलं नाही, तर लिहा. दोन सेल आपल्या अंदाजात बसत नाहीत म्हणून तो शब्द लिहिणं म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणं आहे. पॅनेलमधला प्रत्येक पॉझिटिव्ह सेल काहीतरी सांगत असतो आणि त्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

आता अँटिग्राम (कोणत्या सेलवर कोणते अँटिजेन आहेत त्याचा तक्ता) समोर ठेवा आणि पेन्सिल घ्या. पॉझिटिव्ह सेलकडे आत्ता बघायचंच नाही. निगेटिव्ह सेल घ्या: १, २, ६, ७, ८, १० आणि ११. विचार साधा आहे. सेलवर एखादा अँटिजेन आहे आणि तरी रुग्णाचा प्लाझ्मा त्याच्याशी चिकटला नाही, म्हणजे त्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी प्लाझ्मात नसावी. १ आणि २ हे आर-वन-आर-वन, म्हणजे डी, मोठा सी आणि छोटा ई असलेले, दोन्ही निगेटिव्ह. डी, मोठा सी, छोटा ई खोडा. ६, ७, ८, १० हे आरएच निगेटिव्ह सेल, छोटा सी डबल डोस, सगळे निगेटिव्ह. छोटा सी खोडा. २ आणि ६ वर केल गटाचा के आहे, म्हणून अँटी-के गेली. ८ वर डफी गटाचा एफवायए डबल डोस आहे, १ आणि ७ वर त्याचा जोडीदार एफवायबी. डफीच्या दोन्ही गेल्या. किड गटातला जेकेबी तर २, ६, ८, ११ अशा चार सेलवर डबल डोस आहे, तीही गेली. एम, एन, मोठा एस, छोटा एस, लुईस आणि पी-वन तुम्ही याच पद्धतीनं खोडले आहेत ते बरोबर आहेत.

शेवटी दोन उरतात, मोठा ई आणि जेकेए (किड गटातला जेकेबीचा जोडीदार).

तुम्ही पाठवलेल्या कागदावर जेकेए खोडलेली आहे. का खोडली असेल तेही दिसतं: १, ७ आणि १० या तिन्ही सेलवर जेकेए आहे आणि तिन्ही निगेटिव्ह आहेत. पण त्यांचा शेजारचा रकाना बघा. तिघांवरही जेकेबीसुद्धा आहे. म्हणजे तिघंही सिंगल डोस. आई-वडिलांपैकी एकाकडूनच जेकेए आल्यामुळे त्यांच्या पेशींवर तो अँटिजेन साधारण निम्म्यानं कमी असतो. किडच्या अँटिबॉडी बहुधा दुबळ्या असतात आणि अशा सेलवर त्या हमखास निसटतात. आता ४ आणि ९ बघा. दोघंही जेकेए पॉझिटिव्ह, जेकेबी निगेटिव्ह, म्हणजे डबल डोस. संपूर्ण पॅनेलमध्ये जेकेए डबल डोस असलेले हे दोनच सेल, आणि नेमके तेच १+ आले आहेत. स्क्रीनिंगचा तिसरा सेलही काढून बघा. तो आरएच निगेटिव्ह आणि जेकेए डबल डोस आहे, आणि तोही १+ आहे. योगायोग इतका नेमका नसतो.

म्हणून खोडण्याचा नियम पक्का ठेवा. आरएचमधले मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई, किडमधले दोन्ही, डफीमधले दोन्ही आणि एमएनएसमधले चारही, हे सगळे डबल डोस सेलवरच खोडायचे. डी या अँटिजेनला जोडीदार अँटिजेन नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. केलचा एकच अपवाद: के डबल डोस असलेला दाता इतका दुर्मीळ असतो की नेहमीच्या पॅनेलमध्ये तो मिळत नाही. म्हणून दोन सिंगल डोस सेल निगेटिव्ह आले की अँटी-के खोडलेली आपण मान्य करतो. ही सवलत दुसऱ्या कोणाला देऊ नका, रात्रीचे दोन वाजलेले असले आणि वॉर्डातून तिसरा फोन आलेला असला तरी.

रिॲक्शनच्या ताकदीकडेही लक्ष द्या. एकाच पॅनेलमध्ये काही सेल ३+ आणि काही १+ येतात तेव्हा दोन शक्यता असतात: एकच अँटिबॉडी डोस दाखवते आहे, किंवा दोन वेगवेगळ्या अँटिबॉडी आहेत. ५ नंबरचा सेल मोठा ई सिंगल डोस असूनही ३+ आहे, म्हणजे अँटी-ई चांगली जोरदार आहे. मग ४ आणि ९ वरची फिकट रिॲक्शन तिची असायचं कारणच नाही, कारण त्या सेलवर तिला धरायला काही नाही. जेल कार्डमध्ये १+ म्हणजे बहुतेक पेशी तळाशी आणि थोड्या जेलच्या खालच्या भागात अडकलेल्या. कार्ड उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी बघा. समोरून निगेटिव्ह भासणारी ट्यूब मागून कधी कधी स्पष्ट दिसते. पाठीमागून बघायचा कंटाळा केल्यामुळे सुटलेल्या १+ मी स्वतः नंतर पकडलेल्या आहेत.

आता हे सिद्ध कसं करायचं ते सांगतो. आपण साधारण तीन-तीनचा नियम पाळतो: अँटिजेन असलेले तीन सेल पॉझिटिव्ह आणि नसलेले तीन सेल निगेटिव्ह. त्यामागचं गणित सोपं आहे. सहा सेलमधून तीन निवडण्याचे २० प्रकार होतात, त्यामुळे नेमके अँटिजेनवालेच तीन पॉझिटिव्ह यायचा योग निव्वळ नशिबानं जुळण्याची शक्यता २० मध्ये १, म्हणजे ५ टक्के. मात्र दोन अँटिबॉडी असतील तेव्हा मोजताना प्रत्येकीसाठी दुसरीचा अँटिजेन नसलेले सेल धरावे लागतात, आणि चूक इथेच होते. जेकेए डबल डोस पण मोठा ई नसलेले सेल तुमच्याकडे ४, ९ आणि स्क्रीनिंगचा तिसरा असे तीन झाले. मोठा ई असलेला पण जेकेए नसलेला सेल मात्र फक्त ३ नंबरचा आहे. ५ वर जेकेएसुद्धा असल्यामुळे तो शुद्ध पुरावा ठरत नाही. स्क्रीनिंगचा दुसरा सेल जेकेए निगेटिव्ह असेल तर तो धरा. आणखी एक सेल दुसऱ्या लॉटच्या पॅनेलमधून किंवा तपासून ठेवलेल्या दात्याच्या पिशवीच्या सेगमेंटमधून मिळवा. दोन्ही अँटिजेन नसलेले निगेटिव्ह सेल २, ६, ८, ११ असे चार आहेत, ते पुरेसे आहेत.

त्यानंतर एन्झाइम. पपेन किंवा फिसिन लावलेल्या सेलवर आरएच आणि किडच्या अँटिबॉडी जोर धरतात. डफीचे दोन्ही अँटिजेन, एम आणि एन नष्ट होतात, मोठा एसही बहुतेक वेळा जातो, तर केलवर फरक पडत नाही. तुमच्या बाबतीत १, ७ आणि १० हे तीन सिंगल डोस सेल एन्झाइम लावून पुन्हा तपासा. साध्या पॅनेलमध्ये निगेटिव्ह आलेले हे सेल आता १+ किंवा २+ आले आणि २, ६, ८, ११ निगेटिव्हच राहिले, तर जेकेएबद्दल मग वाद उरत नाही. एन्झाइमचं पॅनेल नेहमी साध्या पॅनेलच्या जोडीला वापरायचं. एकटं वापरलंत तर डफीची अँटिबॉडी दिसणारच नाही आणि तुम्ही ती खोडली असं समजून बसाल.

मग रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर मोठा ई आणि जेकेए तपासा. दोन्ही निगेटिव्ह यायला हवेत, कारण जो अँटिजेन स्वतःच्या पेशींवर आहे त्याविरुद्ध शरीर सहसा अलोअँटिबॉडी (दुसऱ्याच्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी) बनवत नाही. या बाईंना गेल्या तीन महिन्यांत रक्त चढलेलं नाही, म्हणून हे टायपिंग विश्वासार्ह आहे. अलीकडेच रक्त दिलेलं असतं तर दात्याच्या पेशी मिसळून उत्तर फसवं आलं असतं आणि तिथे डीएनएवरून जीनोटायपिंग करून घेणं हाच चांगला मार्ग असतो. टायपिंग करतानाच मोठा सी, छोटा सी आणि छोटा ईसुद्धा बघून घ्या. बाई छोटा सी निगेटिव्ह निघाल्या तर लक्षात ठेवा, अँटी-ई असलेल्या अशा रुग्णांमध्ये अँटी-छोटा सी पाठोपाठ येण्याची सवय फार आहे. आज ती खोडली गेली असली तरी छोटा सी निगेटिव्ह पिशवी मिळत असेल तर मी तीच देतो.

जेकेएला मी इतका का धरून बसलो आहे? नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पोटात रक्तस्राव झालेले एक गृहस्थ आले होते. स्क्रीनिंग निगेटिव्ह, क्रॉसमॅच (पिशवीतल्या पेशी रुग्णाच्या प्लाझ्माशी जुळवून बघणं) कंपॅटिबल. तीन पिशव्या गेल्या, हिमोग्लोबिन वाढलं, सगळं ठीक वाटलं. सातव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी गडद, आणि हिमोग्लोबिन जिथून सुरू झालं होतं तिथेच परत. नवीन नमुन्यावर डायरेक्ट कूम्ब्स (शरीरातच पेशींवर अँटिबॉडी बसली आहे का ते बघणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आली, मिक्स्ड फील्ड, म्हणजे काही पेशी चिकटलेल्या आणि बाकी मोकळ्या. पेशींवरची अँटिबॉडी ॲसिड एल्युशननं सोडवून तो एल्युएट पॅनेलवर लावला. जेकेएचा पॅटर्न अगदी स्वच्छ. नंतर त्यांच्या मुलानं घरातली जुनी फाइल आणली. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात रक्त घेताना अँटी-जेकेए सापडल्याची नोंद त्यात होती. आमच्याकडे कोणी विचारलंच नव्हतं, आणि त्या स्क्रीनिंगच्या रिपोर्टखाली सही माझी होती. ते बरे झाले, पण मूत्रपिंडावर लक्ष ठेवत काढलेले ते दिवस मी विसरलेलो नाही.

किडच्या अँटिबॉडीचा हा स्वभावच आहे. बनल्यानंतर काही महिन्यांत तिची पातळी इतकी खाली येते की स्क्रीनिंगमध्ये दिसत नाही. पुन्हा तो अँटिजेन शरीरात गेला की आठवण जागी होऊन ती भराभर वर येते आणि चढवलेल्या पेशी फोडते. उशिरा होणाऱ्या हिमोलिटिक रिॲक्शनमध्ये तिचं नाव वारंवार येतं. कॉम्प्लिमेंट (पेशी फोडू शकणारी रक्तातली प्रथिनं) ओढण्याची तिची क्षमता असल्यामुळे पेशी रक्तवाहिनीतच फुटू शकतात. तुमच्या पॅनेलमधली ती १+ म्हणजे अशीच उतरणीला लागलेली अँटिबॉडी आहे, असं मला वाटतं. आणखी सहा महिन्यांनी हाच नमुना आला असता तर तुम्हाला फक्त ३ आणि ५ दिसले असते. आज ती पकडायची संधी मिळाली आहे.

पिशव्या निवडताना आणखी एक सापळा आहे, आणि तो बहुतेकांना दिसत नाही. दोन अँटिबॉडी ठरल्यावर अनेक जण म्हणतात, "आता पाच-सहा पिशव्या क्रॉसमॅच करू, ज्या कंपॅटिबल येतील त्या देऊ." या बाईंच्या बाबतीत हे करूच नका. त्यांच्या प्लाझ्मातली अँटी-जेकेए सिंगल डोस सेलला धरतच नाही, हे तुमच्या स्वतःच्या पॅनेलनं दाखवलं आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत निम्म्याच्या आसपास माणसं जेकेए-जेकेबी दोन्ही पॉझिटिव्ह असतात. म्हणजे जेकेए असलेली पिशवी कंपॅटिबल ठरून खुशाल बाहेर पडेल. प्रत्येक पिशवी अँटी-जेकेए रिएजंटनं टाइप करा, निगेटिव्ह निघाली तरच कूम्ब्स क्रॉसमॅच लावा. हे रिएजंट महाग असतं, म्हणून आधी अँटी-ईनं पिशव्या चाळा आणि ज्या निगेटिव्ह उरतील त्यांच्यावरच जेकेए तपासा.

किती पिशव्या चाळाव्या लागतील याचा अंदाज आधी काढून डॉक्टरांना कळवा. युरोपीय वंशाच्या दात्यांत मोठा ई निगेटिव्ह साधारण ७० टक्के आणि जेकेए निगेटिव्ह साधारण २३ टक्के. ०.७० गुणिले ०.२३ म्हणजे ०.१६. दोन पिशव्या हव्यात तर २ भागिले ०.१६, म्हणजे १२ ते १३ पिशव्या तपासाव्या लागतील. लोकसमूहानुसार हे प्रमाण बदलतं, म्हणून तुमच्या रक्तपेढीतल्या टाइप केलेल्या दात्यांची नोंद असेल तर तेच आकडे धरा. सर्जनना "रक्त मिळत नाही" असं सांगण्यापेक्षा "१३ पिशव्या तपासाव्या लागतील, उद्या दुपारपर्यंत दोन मिळतील" असं सांगितलं की ते शस्त्रक्रियेची वेळ बदलून सहकार्य करतात. हा माझा अनुभव आहे.

हे झालं तुमच्या केसचं. पण तुम्ही शेवटी विचारलं आहे की दरवेळी सुरुवात कुठून करायची. सुरुवात पॅनेलपासून करूच नका, रुग्णापासून करा. रक्त कधी चढलं, किती वेळा, कुठे. गरोदरपणं किती, गर्भपात धरून. बायका गर्भपात आपणहून सांगत नाहीत, सन्मानानं विचारावं लागतं. अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं आहे का, कारण ते घेतलेल्या आरएच निगेटिव्ह बाईंच्या प्लाझ्मात काही आठवडे, कधी काही महिने अँटी-डी दिसते आणि ती त्यांनी स्वतः बनवलेली नसते. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर डॅराट्युमुमॅब हे औषध सुरू आहे का. गेल्या तीन महिन्यांत रक्त किंवा गरोदरपण असेल तर नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, कारण या काळात नवी अँटिबॉडी कधीही डोकं वर काढू शकते. दहा मिनिटांच्या या चौकशीनं माझे कित्येकदा दोन-दोन दिवस वाचले आहेत.

डॅराट्युमुमॅबचं विशेष सांगतो, कारण हल्ली ते वारंवार येतं. हे औषध सीडी३८ या प्रथिनाला चिकटतं आणि ते थोड्या प्रमाणात तांबड्या पेशींवरही असतं. त्यामुळे कूम्ब्स फेजला पॅनेलचे सगळे सेल फिकट पॉझिटिव्ह येतात, शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंतसुद्धा. सेल ०.२ मोलर डीटीटी या रसायनानं धुतले की सीडी३८ मोडतं आणि खाली दडलेली खरी अँटिबॉडी दिसते. मात्र डीटीटीनं केलचे अँटिजेनही नष्ट होतात, म्हणून अँटी-के खोडता येत नाही आणि अशा रुग्णाला के निगेटिव्ह रक्त द्यायचं. औषध सुरू होण्याआधीच रुग्णाचं संपूर्ण टायपिंग करून ठेवलं तर पुढचा सगळा त्रास कमी होतो. ऑन्कोलॉजीच्या डॉक्टरांना हे सांगत राहा. त्यांच्या यादीत रक्तपेढी सहसा शेवटी असते.

सगळे सेल पॉझिटिव्ह आले की पहिली नजर ऑटो कंट्रोलवर टाका. ऑटोही पॉझिटिव्ह असेल तर उष्ण ऑटोअँटिबॉडीचा (शरीराच्या तापमानाला स्वतःच्याच पेशींना धरणाऱ्या अँटिबॉडीचा) विचार येतो. तिथे खरं काम त्या ऑटोअँटिबॉडीच्या खाली एखादी अलोअँटिबॉडी लपली आहे का ते शोधण्याचं असतं. तीन महिन्यांत रक्त दिलेलं नसेल तर रुग्णाच्याच पेशींवर ॲड्सॉर्प्शन करा, म्हणजे ती ऑटोअँटिबॉडी त्या पेशींवर शोषून काढा. दिलेलं असेल तर आर-वन-आर-वन, आर-टू-आर-टू आणि आरएच निगेटिव्ह अशा तीन आरएच प्रकारांच्या टाइप केलेल्या सेलवर करा. ऑटो निगेटिव्ह आणि बाकी सगळे सारख्याच ताकदीनं पॉझिटिव्ह असतील तर जवळजवळ सर्वांमध्ये असणाऱ्या एखाद्या अँटिजेनविरुद्धची अँटिबॉडी असते. अशा वेळी भावंडांना बोलवा. सख्ख्या भावंडाकडे तोच दुर्मीळ प्रकार असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. पॅनेलचे सेल ओ गटाचे असतात हेही विसरू नका. ओ वाटणाऱ्या रुग्णाच्या प्लाझ्मानं ओ सेल जोरदार धरले आणि ऑटो निगेटिव्ह आला तर आधी बॉम्बे रक्तगट (ओ सेलवर भरपूर असणारा एच अँटिजेन ज्यांच्याकडे नसतो त्यांचा गट) आठवा. १९५२ मध्ये मुंबईत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचीच नोंद केली. अँटी-एचनं तपासा, पॅनेल पुढे वाढवू नका. या रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

स्क्रीनिंग निगेटिव्ह असताना एकच पिशवी इनकंपॅटिबल आली तर बहुतेक वेळा दात्याची डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह असते किंवा क्वचित आढळणाऱ्या अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी असते. तिथे दुसरी पिशवी घ्या, पण आधी रक्तगट पुन्हा तपासा. थंड तापमानाला धरणाऱ्या अँटिबॉडीबद्दल एवढंच: अँटी-एम, लुईस, पी-वन खोलीच्या तापमानाला जोरात दिसतात. ३७ अंशांवर आणि कूम्ब्स फेजला निगेटिव्ह असतील तर रक्त देण्यात अडथळा येत नाही. प्री-वॉर्म पद्धत (सगळं आधीच ३७ अंशांवर गरम करून टेस्ट लावणं) मात्र अँटिबॉडी ओळखून झाल्यावरच वापरा. नको असलेली रिॲक्शन घालवायला ती वापरली तर हवी असलेलीही जाते. गरोदर आरएच निगेटिव्ह बाईंमध्ये डी आणि मोठा सी अशा दोन्हींचा पॅटर्न दिसला तर ती अँटी-जी (डी किंवा मोठा सी असलेल्या पेशींवर मिळणाऱ्या जी अँटिजेनविरुद्धची) असू शकते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ती फक्त अँटी-जी असेल तर त्या बाईंना अँटी-डीचं इंजेक्शन मिळायला हवं.

तुम्ही ट्यूबवरही काम करता असं लिहिलं आहे, म्हणून एक गोष्ट. ट्यूबमध्ये अँटिह्यूमन ग्लोब्युलिन (म्हणजेच कूम्ब्स सीरम) घालण्यापूर्वी सलाइननं तीन-चार वेळा नीट धुवा आणि दरवेळी शेवटचा थेंबही उपसून टाका. मागे राहिलेला थोडासा प्लाझ्मासुद्धा कूम्ब्स सीरम खाऊन टाकतो आणि पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसतो. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेल (आधीच अँटिबॉडी बसवलेल्या पेशी) घालायचे. ते चिकटले नाहीत तर ती टेस्ट झालीच नाही, पुन्हा करा. कूम्ब्स, मोरंट आणि रेस या तिघांनी ही पद्धत १९४५ मध्ये दिली तेव्हापासून तिचा कमकुवत दुवा धुणं हाच राहिला आहे. जेलमध्ये धुण्याचा टप्पा नाही, पण पिपेटिंगची चूक तिथेही होते, म्हणून कार्डमध्ये सेल आधी आणि प्लाझ्मा नंतर, दोन्ही बरोबर मापानं टाका. त्यानंतर ३७ अंशांवर १५ मिनिटं आणि मग सेंट्रिफ्यूज.

आता रिपोर्ट. तुमच्या बाईंसाठी "अँटी-मोठा ई आणि अँटी-जेकेए" असं लिहा, कोणत्या पद्धतीनं आणि कोणत्या फेजला मिळाली ते लिहा, कोणत्या अँटिबॉडी खोडल्या ते लिहा, आणि "रुग्णाला मोठा ई आणि जेकेए निगेटिव्ह, कूम्ब्स कंपॅटिबल रक्त द्यावे" हे वाक्य ठळक टाका. रिपोर्टसोबत पॅनेलचा लॉट नंबर आणि भरलेलं अँटिग्राम फाइलला लावा, उद्या कोणालाही तुमचा तर्क तपासता आला पाहिजे. वरिष्ठांशी बोलताना वाद घालू नका. त्यांच्यासमोर ४ आणि ९ चे रकाने आणि एन्झाइमचा निकाल ठेवा. बहुतेक माणसं पुरावा पाहिल्यावर मान्य करतात.

शेवटचं काम कागदाचं आहे, पण तेच कोणी करत नाही. बाईंना एक कार्ड द्या. त्यावर रक्तगट, दोन्ही अँटिबॉडींची नावं, तारीख आणि रक्तपेढीचं नाव लिहा. नातेवाइकांना बसवून समजावा की हे कार्ड पर्समध्ये ठेवायचं, आणि कुठल्याही रुग्णालयात रक्त घ्यायची वेळ आली की नमुन्याची ट्यूब भरण्याआधी ते दाखवायचं. दोन वर्षांनी त्यांचं स्क्रीनिंग निगेटिव्ह येईल, तिथला तंत्रज्ञ समाधानानं पहिलीच कंपॅटिबल पिशवी काढायला जाईल, आणि ते कार्ड टेबलावर ठेवलेलं असेल तर त्याचा हात थांबेल.